चित्रांतून अभ्यास: आठवी ते दहावीच्या मुलांचे आणि पालकांचे नेहमीचे प्रश्न

चित्रांतून अभ्यास म्हणजे नेमकं काय करायचं?

धड्यातला मजकूर आकृती, नकाशा, कालरेषा, ओघतक्ता किंवा एखाद्या ओळखीच्या जागेत बसवायचा आणि मग पुस्तक मिटून तो कागदावर पुन्हा उतरवायचा. दुसरा भाग बहुतेक जण गाळतात. मग सुंदर तक्ता तयार होतो, कपाटाच्या दारावर चिकटतो आणि पेपरात आठवतं ते एवढंच, की शीर्षक जांभळ्या स्केचपेनने लिहिलं होतं. खाली बऱ्याच उत्तरांत 'मिटून काढा' हे पुन्हा पुन्हा येईल. त्याला इलाज नाही, कारण काम तिथेच होतं.

चित्राने लक्षात का राहतं?

कॅनडातले मानसशास्त्रज्ञ ॲलन पायव्हिओ यांनी १९७१ मध्ये मांडलेली कल्पना आजही उपयोगी पडते. शब्दाची नोंद एका प्रकारे होते, प्रतिमेची दुसऱ्या प्रकारे. दोन्ही असल्या की एक हुकली तरी दुसरीचा धागा धरून उत्तरापर्यंत जाता येतं. हृदयाच्या आकृतीतला 'त्रिदल झडप' हा शब्द आठवला नाही, तरी ती कोणत्या दोन कप्प्यांच्या मध्ये होती हे डोळ्यांसमोर येतं आणि मागोमाग शब्दही येतो.

मुलीची चाचणी घेतली, ती 'व्हिज्युअल लर्नर' निघाली. मग तिला सगळं चित्रांतूनच शिकवायचं का?

नाही. अशा चाचण्यांवर पैसे घालवू नका. २००८ मध्ये चार अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी या विषयावरचं संशोधन तपासलं. ज्याची जी शैली, त्याला तसं शिकवलं तर जास्त कळतं, या दाव्याला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. पद्धत ठरते ती विषयावरून. हृदयाची रचना कुणालाही चित्रातूनच कळेल, आणि पाढे कुणालाही म्हणूनच पाठ होतील. इंग्रजी शब्दाचा उच्चार चित्राने शिकवायला गेलात तर दोघांचाही वेळ जाईल.

चित्रकला अजिबात येत नाही. चालेल का?

चालेल. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही शब्द पुन्हा पुन्हा लिहायला सांगितले होते आणि काहींची चित्रं काढायला. चित्र काढलेले शब्द जास्त लक्षात राहिले. चित्र सुबक होतं की बेंगरूळ, याने फारसा फरक पडला नाही. काढताना 'याला काय काय असतं, कुठे असतं' हा विचार करावा लागतो, फायदा त्याचा. म्हणून अंडाकृती म्हणजे पेशी, तिच्यात ठिपका म्हणजे केंद्रक, एवढ्यावरही भागतं. चांगली चित्रकला असणाऱ्या मुलांचाच उलट घोटाळा होतो. ती छायांकन करत बसतात.

सुरुवात कशी करू?

एक आकृती निवडा, एकच. सोबत कोरे कागद, पेन्सिल आणि लाल पेन.

१. पुस्तकातली आकृती दोन मिनिटं नीट पाहा. बाहेरची रेषा आधी, मग मोठे भाग, शेवटी नावं.
२. पुस्तक मिटा. पुन्हा उघडायचं नाही, कितीही मोह झाला तरी.
३. पाच मिनिटांत आठवेल तेवढं पेन्सिलने काढा. नाव आठवत नसेल तर रेघ ओढून पुढे प्रश्नचिन्ह टाका.
४. पुस्तक उघडून चुका लाल पेनने त्याच कागदावर दुरुस्त करा. पेन्सिलचं काही खोडू नका.
५. दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर पुन्हा, मग चौथ्या दिवशी, मग दहाव्या.

लाल रंग दर वेळी कमी होत गेला पाहिजे. एकाच जागी तीनदा लाल आलं, तर तो भाग पाठ न होण्याचा प्रश्न नसतो, समजलेला नसतो. तिथे धडा पुन्हा वाचायचा.

खोडरबर का नको? पहिल्या कागदावर कोणता भाग हुकला होता हीच उद्याच्या अभ्यासाची यादी असते. ती पुसली तर उद्या सगळीच आकृती पुन्हा बघत बसावी लागते.

हृदयाच्या आकृतीत डावं-उजवं हमखास चुकतं. का?

पुस्तकातलं हृदय हे तुमच्यासमोर उभ्या असलेल्या माणसाचं असतं. त्याची उजवी बाजू कागदाच्या डावीकडे येते. हे कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून मुलं नावं पाठ करतात आणि परीक्षेच्या ताणात उलटी टाकतात.

उपाय सोपा आहे. कोऱ्या कागदावर हृदय काढण्याआधी दोन्ही कोपऱ्यांत लिहायचं: डाव्या कोपऱ्यात 'त्याचं उजवं', उजव्या कोपऱ्यात 'त्याचं डावं'. मग चार चौकोन काढा, वर दोन अलिंदं, खाली दोन निलयं. 'त्याच्या उजव्या' बाजूला निळी पेन्सिल, कारण तिथे ऑक्सिजन कमी असलेलं रक्त येतं. दुसऱ्या बाजूला लाल. अलिंद आणि निलय यांच्यामध्ये झडपा: निळ्या बाजूला त्रिदल, लाल बाजूला द्विदल. आता पेन्सिलचं टोक न उचलता रक्ताची वाट फिरवा: शरीर, उजवं अलिंद, उजवं निलय, फुप्फुसं, डावं अलिंद, डावं निलय, महाधमनी, पुन्हा शरीर. ही वाट बोटाने तीन वेळा फिरली की चौकोन काढून टाकून पुस्तकातला खरा आकार काढायला घ्या. डाव्या निलयाची भिंत जाड काढायची. रक्त साऱ्या शरीरभर ढकलायचं असतं म्हणून ती जाड, हे कारण कळलं की ती पातळ काढायला हातच धजत नाही.

एक अपवाद मुद्दाम लक्षात ठेवा. हृदयाकडून फुप्फुसांकडे जाणारी धमनी निळी आणि फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरा लाल. 'धमनी म्हणजे लाल' असं पाठ केलेली मुलं इथे फसतात. धमनी म्हणजे हृदयापासून दूर नेणारी, एवढंच. रंगाशी तिचा संबंध नाही.

फुलाचे भाग दर वर्षी पाठ करतो, दर वर्षी विसरतो.

छापील फूल बाजूला ठेवा आणि जास्वंद आणा. एकेरी पाकळ्यांची, साधी लाल. झुबकेदार गेंदेवाली जास्वंद घेतलीत तर पंचाईत होईल, कारण तिच्यात पुंकेसरांच्या जागी पाकळ्याच झालेल्या असतात.

सर्वांत खाली बारीक हिरव्या पट्ट्यांचं कडं दिसेल, त्याच्या वर निदलपुंज, मग पाच पाकळ्यांचा दलपुंज. मधली लांब नळी ही पुंकेसरांची आहे. तिच्या बाहेरून पिवळे परागकोश लटकलेले असतात. आता मोठ्या माणसाच्या मदतीने ब्लेडने देठापासून टोकापर्यंत उभा छेद घ्या. नळीच्या आतून एक बारीक पांढरा धागा गेलेला दिसेल. तो कुक्षीवृंत. वर त्याला पाच फाटे फुटतात आणि प्रत्येकाच्या टोकाला मखमली लाल गुंडी असते, ती कुक्षी. खाली धागा जिथे फुगतो तिथे अंडाशय. अंडाशयाचा आडवा छेद घेतलात तर पाच कप्पे दिसतात.

पुमंगाच्या (पुंकेसरांच्या) पोटातून जायांगाचा (स्त्रीभागाचा) धागा जातो, ही गोष्ट छापील आकृतीत सपाट होऊन जाते आणि मुलं दोन्ही शेजारीशेजारी काढतात. एकदा फूल चिरलं की ही चूक पुन्हा होत नाही. फूल सुकण्याआधी, म्हणजे त्याच दिवशी, आकृती मिटून काढा. जास्वंद संध्याकाळपर्यंत मिटायला लागते.

माइंड मॅप काढतो, पण उपयोग होत नाही.

तीन कारणं नेहमी सापडतात.

पहिलं, पुस्तक समोर ठेवून काढलेला असतो. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात २०११ मध्ये झालेल्या एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा समोर ठेवून संकल्पना-नकाशे काढले, काहींनी उतारा मिटून आठवेल ते लिहिलं. आठवड्यानंतर दुसरा गट पुढे होता. पुस्तक उघडं असताना काढलेला नकाशा म्हणजे फार तर नीटनेटकी नक्कल.

दुसरं, फांद्या फार. मधल्या शब्दाला बारा फांद्या असतील तर ती यादीच झाली, फक्त गोल फिरवलेली. चार-पाच मोठ्या फांद्या, प्रत्येकीला तीन-चार उपफांद्या, यापुढे गेलं की धडा दोन नकाशांत तोडा.

तिसरं आणि सर्वांत मोठं: रेघांवर काहीच लिहिलेलं नसतं. 'जंगलतोड' आणि 'पूर' यांच्यात नुसती रेघ ओढली तर नातं कळत नाही. रेघेवर 'माती धरून ठेवणारी मुळं गेली' असं लिहा. ते लिहिता आलं नाही, तर तेवढाच भाग वाचायचा राहिला आहे.

इतिहासाच्या सनावळ्या कशा लक्षात ठेवायच्या?

मापात काढलेल्या कालरेषेने. माप महत्त्वाचं. सगळ्या घटना समान अंतरावर मांडल्या तर ती शिडी होते, कालरेषा नाही.

शिवकाल घ्या. १६३० ते १६८० अशी पन्नास वर्षं. ए-४ कागद आडवा धरा, एका वर्षाला अर्धा सेंटिमीटर द्या, पंचवीस सेंटिमीटरची रेघ ओढा. १६३० जन्म, १६७४ राज्याभिषेक, १६८० निधन अशी टोकं आधी ठोका. मधल्या घटना भरायला लागलात की एक गोष्ट आपोआप दिसेल. डावीकडचा भाग बराच मोकळा आणि १६५९ ते १६६६ या साडेतीन सेंटिमीटरमध्ये लिहायला जागाच नाही: अफझलखानाचा वध, पन्हाळ्याचा वेढा आणि पावनखिंड, शायिस्तेखान, सुरत, पुरंदरचा तह, आग्रा. ही दाटी हाच इतिहास आहे. त्या सात वर्षांत किती घाईने गोष्टी घडत होत्या, ते वाक्यांतून जाणवत नाही. रेघेवर जाणवतं.

आता तेवढा तुकडा खाली मोठा करून काढा. वर्षाला दोन सेंटिमीटर, म्हणजे चौदा सेंटिमीटर. १६५९, १६६०, १६६३, १६६४, १६६५, १६६६. मध्ये १६६१-६२ मोकळं राहील, तेही लक्षात राहतं. रेघेच्या वर महाराष्ट्र आणि खाली दिल्ली अशी वाटणी करा. रेघ डावीकडे एक वर्ष वाढवून खालच्या बाजूला १६५८ पाशी 'औरंगजेब गादीवर' लिहा. पुढच्याच वर्षी वर काय सुरू झालं ते बघा.

मिटून काढताना आधी फक्त रेघ आणि टोकं काढायची, घटना अंदाजाने ठेवायच्या आणि मग मापून बघायचं, किती सेंटिमीटर चुकलो. एखाद्या वर्षाने चुकलेलं मूल आणि वीस वर्षांनी चुकलेलं मूल यांत फरक आहे. वहीत दोघांनाही 'चूक'च मिळते.

भूगोलाच्या नकाशात ठिकाणं भलतीकडे पडतात.

आधी आधाररेषा ठरवा. भारताच्या नकाशात कर्कवृत्त, ब्राझीलच्या नकाशात विषुववृत्त आणि मकरवृत्त. या रेषा पेन्सिलने फिकट ओढल्या की बाकीची ठिकाणं त्यांच्या संदर्भाने बसवता येतात. साओ पावलो जवळजवळ मकरवृत्तावर, रिओ त्याच्या किंचित उत्तरेला आणि अगदी किनाऱ्यावर. मॅनॉस विषुववृत्ताच्या थोडं दक्षिणेला, ॲमेझॉनच्या खोऱ्यात. भारतात कर्कवृत्त गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश, छत्तीसगड, झारखंड, पश्चिम बंगाल, त्रिपुरा आणि मिझोराम या आठ राज्यांतून जातं. ती रेषा बोटाने पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरवत नावं घ्या.

परीक्षेत आराखडा छापील मिळतो, त्यामुळे देशाची बाह्यरेषा सुबक काढण्याचा सराव करू नका. घरी प्लॅस्टिकचा स्टेन्सिल फिरवून दहा-पंधरा कोरे आराखडे एकदम काढून ठेवा आणि वेळ आतल्या माहितीला द्या. गुण जातात ते बहुतेकदा सूची न केल्याने. नकाशात ठिपका आहे, पण तो कशाचा हे कुठेच लिहिलेलं नसतं.

कोकणातल्या नद्यांसारख्या रांगेसाठी नकाशाचा एक उभा पट्टा पुरतो. वर डहाणू, खाली गोव्याची हद्द, आणि उत्तरेकडून वैतरणा, उल्हास, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, तेरेखोल. पंचगंगेसाठी तर कागदही नको, हात पुढे करा. चार बोटं म्हणजे कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती. अंगठा मुडपलेला ठेवा, ती न दिसणारी सरस्वती. मनगट म्हणजे पंचगंगा, आणि ते नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळतं.

लांबलचक क्रम कसा लक्षात ठेवायचा? धातूंची क्रियाशीलता श्रेणी डोक्यातच बसत नाही.

इथे घरातली वाट वापरायची. पद्धत जुनी आहे, तिचं श्रेय सिमोनिदीस नावाच्या प्राचीन ग्रीक कवीला देतात. ओळखीच्या जागेतून ठरावीक क्रमाने चालायचं आणि प्रत्येक ठिकाणी एक वस्तू ठेवायची. तेरा जागा लागतील. दोन-तीन खोल्यांच्या घरातही त्या निघतात.

दाराच्या कडीला केळ्यांचा घड लटकतोय: पोटॅशिअम. चपलांच्या स्टँडवर प्रत्येक चपलेत मीठ भरलंय: सोडिअम. सोफ्यावर चुन्याची डबी उपडी झालीय: कॅल्शिअम. टीव्हीच्या मागून डोळे दिपवणारी पांढरी ज्योत येतेय: मॅग्नेशिअमची फीत. पंख्याच्या पात्यांना पोळ्या गुंडाळायचा चकचकीत कागद गुंडाळलाय: ॲल्युमिनिअम. जेवायच्या टेबलावर छपराचा पन्हाळी पत्रा अंथरलाय, त्यावर जस्ताचा मुलामा: झिंक. फ्रिजमध्ये गंजलेला तवा: लोह. गॅसवर इन्व्हर्टरची बॅटरी शिजतेय: शिसे. सिंकच्या नळाला फुगा लावलाय, तो फुगतोय: हायड्रोजन. पलंगावर तांब्याचा हंडा पांघरूण घेऊन झोपलाय: तांबे. आरशावरून पारा ओघळतोय: पारा. वॉशिंग मशीनमध्ये पैंजण खडखडतायत: चांदी. गॅलरीतल्या तुळशीने नथ घातलीय: सोने.

तुमच्या पुस्तकात लिथिअम किंवा कथिल यांसारखी आणखी नावं असतील तर मध्ये जागा वाढवा.

या वाटेचा खरा फायदा सिंकपाशी आहे. नळाच्या अलीकडचे धातू विरल आम्लातून हायड्रोजन बाहेर काढतात, पलीकडचे काढत नाहीत. आणि अलीकडचा धातू पलीकडच्याला त्याच्या क्षाराच्या द्रावणातून हुसकतो. लोखंडाचा खिळा मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) द्रावणात टाकला तर काय होईल? तवा फ्रिजमध्ये, हंडा पलंगावर. तवा आधी येतो, म्हणून तांबं बाहेर पडतं.

बिघडतं कुठे, तर दोन जागी. एक म्हणजे वस्तू तिच्या रोजच्या जागी ठेवली तर. तवा ओट्यावर ठेवलात की गेला. तो तिथे रोजच असतो, मेंदू त्याची दखल घेत नाही. विचित्रपणा हवा. दुसरं, त्याच दिवशी त्याच घरात दुसरी यादी कोंबली तर. मग सोफ्यावर चुना आणि कलम ३७० एकत्र बसतात. दुसऱ्या यादीला दुसरी वाट द्या: शाळेचा रस्ता, आजोळचं घर, नेहमीचं रेल्वे स्टेशन.

आणि जिथे क्रमाला महत्त्व नाही तिथे ही पद्धत वापरूच नका. उगाच मेहनत.

गणितात चित्रांचा काय उपयोग?

सूत्र कुठून आलं ते दिसतं, म्हणून विसरलं तरी पुन्हा उभं करता येतं. आलेखकागदावर १३ × १३ चा चौरस काढा. वरची आणि डावीकडची बाजू १० आणि ३ अशी तोडून आडवी-उभी रेघ ओढा. चार तुकडे पडतील: १००, ३०, ३० आणि ९. बेरीज १६९. आता १० ला क आणि ३ ला ख म्हणा; (क + ख)² = क² + २कख + ख² समोर आहे. 'दोन क-ख' विसरणाऱ्या मुलाला ते दोन पट्टे दाखवावे लागतात, सूत्र पुन्हा सांगून काही होत नाही.

पूर्ण वर्ग पद्धतही याच चौरसात आहे. क्ष² + १०क्ष म्हणजे क्ष बाजूचा चौरस आणि ५ रुंदीचे दोन पट्टे, एक उजवीकडे, एक खाली. कोपऱ्यात ५ × ५ ची जागा रिकामी राहते. ती भरायला २५ मिळवायचे. 'सहगुणकाच्या निम्म्याचा वर्ग' हे वाक्य मग पाठ करावं लागत नाही.

भिंगाच्या सहा आकृत्या पाठ करायच्या का?

नाही, एकच पद्धत शिका आणि मापात काढा. बहिर्गोल भिंग, नाभीय अंतर २ सेंमी, वस्तू २ सेंमी उंच आणि भिंगापासून ६ सेंमीवर. दोन किरण पुरतात: मुख्य अक्षाला समांतर जाणारा भिंगातून निघून पलीकडच्या नाभीतून जातो, मध्यातून जाणारा सरळ जातो. छेदतील तिथे प्रतिमा: ३ सेंमीवर, १ सेंमी उंच, उलटी. सूत्राने पडताळा, तेच येईल. आता वस्तू ३ सेंमीवर सरकवा. प्रतिमा ६ सेंमीवर आणि ४ सेंमी उंच. अंतरांची अदलाबदल झाली. हे एकदा पट्टीने मोजलं की सहापैकी निम्म्या आकृत्या मिटल्या.

पट्टी न वापरता हाताने काढलेले किरण कधीच एका जागी छेदत नाहीत, आणि मग मुलं प्रतिमा 'हवी तिथे' काढतात.

व्याकरणाला चित्र कसं काढणार?

वृत्तांना काढता येतं. लघूला ठिपका, गुरूला आडवी रेघ. भुजंगप्रयातात 'य' गण चार वेळा, म्हणजे ठिपका-रेघ-रेघ, असं चारदा, बारा अक्षरं. मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत. म्हणत म्हणत ठिपके-रेघा काढा, चाल आणि चित्र जुळतात. मालिनीत सुरुवातीलाच सहा ठिपके ओळीने येतात. ओळ फोडताना सहा लघू लागोपाठ दिसले की मालिनीची शंका आधी घ्यायची. समास, प्रयोग यांना मात्र चित्रांपेक्षा उदाहरणंच बरी.

रंग किती वापरायचे? आणि हायलायटर?

तीन. प्रत्येकाचा अर्थ वर्षभर तोच ठेवायचा, उदाहरणार्थ निळा व्याख्येला, हिरवा उदाहरणाला, लाल स्वतःच्या चुकांना. सात रंगांच्या पानावर डोळा कुठे थांबायचा तेच कळत नाही. मुलाला लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नसेल तर रंगाऐवजी सलग रेघ, तुटक रेघ, ठिपके वापरा. हायलायटर फार तर दुसऱ्या वाचनात, एका परिच्छेदाला एक ओळ. पिवळं केलं म्हणजे पाठ झालं, हा त्याचा सर्वांत मोठा धोका.

कार्डं कशी करायची?

जुन्या लग्नपत्रिका कापा. जाड असतात आणि मागची बाजू बहुधा कोरी. आठ बाय पाच सेंटिमीटर पुरे. छापील बाजूवर पांढरा कागद डकवून तिथे नावं नसलेली आकृती किंवा प्रश्न, मागे उत्तर. एका कार्डावर एकच गोष्ट. तीन पाकिटं ठेवा: रोज, तीन दिवसांनी, आठवड्याने. बरोबर आलं की कार्ड पुढच्या पाकिटात, चुकलं की थेट 'रोज'मध्ये परत. उत्तर मोठ्याने म्हणून किंवा लिहूनच उलटायचं. 'हो हो, येतं मला' म्हणत उलटणाऱ्याला ते येत नसतं.

व्हिडिओ पाहून अभ्यास होतो का?

पाहताना सगळं कळल्यासारखं वाटतं, कारण समजावणारा चांगला असतो. तीन-चार मिनिटांनी थांबवा, पडदा झाका, आत्ता दाखवलेली आकृती काढा. जमलं तर पुढे. बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड दीक्षा ॲपमध्ये स्कॅन केले की त्या धड्याचं साहित्य उघडतं, आणि पुस्तकांच्या पीडीएफ ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. त्यातली आकृती छापून नावांवर पांढरा कागद चिकटवला की सरावाचा तक्ता तयार.

भिंतीवर तक्ते लावावेत का?

लावा, पण आठवड्याने काढा. महिनाभर तिथेच राहिलेला तक्ता कॅलेंडरसारखा होतो, कुणी बघत नाही. नावं झाकलेला तक्ता लावलात तर जास्त बरं. येता-जाता एक नाव सांगायचं.

डोळे मिटले तरी मला काहीच दिसत नाही. माझ्यात काही कमी आहे का?

नाही. काही माणसांना मनात चित्र उभंच करता येत नाही. २०१५ मध्ये या स्थितीला 'अफँटेसिया' हे नाव मिळालं. अशा मुलांनी घराची वाट डोळे मिटून कल्पण्याऐवजी खरोखर चालायची आणि प्रत्येक जागी चिठ्ठी चिकटवायची. कागदावरची चित्रं तर त्यांनाही तितकीच उपयोगी.

मुलगा दोन तास एकच तक्ता रंगवत बसतो.

घड्याळ लावा. एका आकृतीला पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं, पुढे दर वेळी पाच. शीर्षकाची नक्षी आणि किनार यांना बंदी. त्याला रंगवायचंच असेल तर रविवारी रंगवू दे, पण ते अभ्यासाच्या वेळेत धरू नका.

पेपरात आकृती काढताना काय सांभाळायचं?

पेन्सिल टोकदार, आकृती साधारण तळहाताएवढी. नावांच्या रेघा पट्टीने, एकमेकींना न छेदणाऱ्या, भागाला टेकलेल्या. टोकाला बाण काढू नका. बाणाचा अर्थ वाहण्याची दिशा असा होतो. नावं शक्यतो एका बाजूला, एकाखाली एक. दोन तासांच्या पेपरात एका आकृतीला चार-पाच मिनिटांवर देऊ नका.

परीक्षेच्या आदल्या रात्री काय करायचं?

नवीन तक्ता करायचा नाही. आधीच्या सरावाचे कागद काढा आणि लाल पेनाच्या खुणा तेवढ्या वाचा. ज्या आकृतीत सर्वांत जास्त लाल आहे, ती कोऱ्या कागदावर एकदा मिटून काढा. मग दुसरी, मग तिसरी. तीन पुरेत. दप्तरात पेन्सिल टोक करून ठेवा आणि झोपा.